वीस किलो

पिस्काकुचोला रेल्वेरुळांच्या कडेला एक वजनकाटा आहे. कुस्कोहून माचू पिक्चूकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा हा ८२वा किलोमीटर. पेरूमधली सुमारे ४३ किलोमीटरची इंका वाट इथे सुरू होते. उरुबांबा नदीवरचा झुलता पूल ओलांडण्याआधी प्रवाशांचे पासपोर्ट तपासतात आणि पोर्टरांची ओझी तोलतात. म्हणजे रांगा दोन. माझी रांग हलत नव्हती, म्हणून मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

एक तरुण पोर्टर काट्याकडे पाठ करून गुडघ्यांत वाकला, पट्टे सैल केले आणि बोजा हळूच काट्यावर टेकवला. आकडा २१च्या वर गेला. तपासनिसाने नुसती मान हलवली. त्या मुलाने दोरीची गाठ सोडली, ताडपत्रीच्या आतून एक जड पातेलं ओढून काढलं आणि मागच्याकडे दिलं. मागच्याने ते आपल्या गाठोड्याला बांधलं. पुन्हा तोलणं झालं. आता १९ आणि वर थोडं. मग पुढचा.

२० किलोंचा हा आकडा पेरूच्या २००१ सालच्या पोर्टर कायद्याने आणला. त्यातले ५ किलो पोर्टरचे स्वतःचे, म्हणजे त्याचे कपडे आणि पांघरूण, आणि उरलेले १५ आमचे. कायद्याआधी याहून कितीतरी जड ओझी याच पायऱ्यांवरून गेलेली आहेत. आपल्याकडे डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा झाला तो १९६९ साली. एका देशात माथा, दुसऱ्यात पाठ. दोन्हीकडे माणसाने कोणत्या अटीवर वाहायचं हे कायद्यात लिहून घ्यावं लागलं.

प्रत्येक प्रवाशाला पोर्टरच्या पाठीवर ७ किलो सामान देता येत होतं. कुस्कोच्या हॉटेलात मी माझी पिशवी बरोबर ७ किलोंवर आणली होती. ट्रायपॉड आणि दोन जाड पुस्तकंही त्यात बसली, याचा मला आनंद झाला होता. काट्यापाशी ते पातेलं या पाठीवरून त्या पाठीवर गेलेलं पाहिलं आणि माझ्या ७ किलोंनाही एक पाठ आहे हे प्रथमच कळलं. मी पिशवी मागून घेतली. ट्रायपॉड आणि पुस्तकं माझ्या सॅकमध्ये टाकली.

आम्ही आठ प्रवासी होतो. सोबत एक वाटाड्या, एक आचारी आणि तेरा पोर्टर. या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच प्रवेश मिळतो. त्यात वाटाडे, आचारी, पोर्टर सगळे मोजले जातात, म्हणून प्रत्यक्ष प्रवासी निम्म्याहून कमीच असतात. वाय्याबांबा गावाच्या पुढे घोडी-खेचरांना मनाई आहे, कारण खुरांनी इंकांची जुनी फरसबंदी उखडते. तेव्हा तंबू, गॅसच्या टाक्या, टेबल, स्टुलं, अंड्यांचे ट्रे, चार दिवसांची भाजी, सगळं माणसाच्या पाठीवरून जातं. फेब्रुवारीत वाट महिनाभर दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. दगडांना विश्रांती देण्याची ही काळजी मला आवडली.

ओझं कसं भरतात ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं. पाठीला लागणारा भाग आधी ठरतो. तिथे सतरंजी किंवा दुमडलेला तंबू येतो, म्हणजे टोकदार काही रुतत नाही. जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या जवळ. हलकं बाहेर. गॅसची टाकी मधोमध, कारण ती एका बाजूला कलली तर पायऱ्यांवर माणूसही त्याच बाजूला कलतो. शेवटी दोन आडव्या गाठी. एकाने बांधायचं, दुसऱ्याने ओढून बघायचं. ही मंडळी एकमेकांना 'वायकी' म्हणतात. केचुआ भाषेत त्याचा अर्थ भाऊ.

आम्ही न्याहारी करून निघालो तेव्हा मुक्काम जसाच्या तसा उभा होता. दीड तासाने पाठीमागून 'पोर्टर!' अशी हाक आली. अशी हाक आली की प्रवाशाने डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं. मी सरकलो आणि मग लक्षात आलं, आत उभा राहणारा मी, आणि दरीच्या कडेने जाणारे ते. तेराही जण एकामागून एक गेले. त्यांनी भांडी धुतली होती, तंबू पाडले होते, जागा झाडली होती आणि आता ते आमच्या पुढे होते. दुपारी आम्ही धापा टाकत पोचलो, तर जेवणाचा तंबू उभा, दारात गरम पाण्याची घमेली, आणि किन्वाच्या सूपचा वास. वर त्यांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या घेववेनात. मी उलट त्यांच्यासाठी वाजवू लागलो. ते हसले आणि कामाला लागले.

त्याच दिवशी वार्मी वान्युस्काची खिंड आली. नावाचा अर्थ मृत स्त्री. खालच्या दरीतून पाहिलं तर डोंगराची कड आडव्या निजलेल्या बाईसारखी दिसते. उंची ४,२१५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तशी अडीच शिखरं एकावर एक. वाय्याबांबाच्या मुक्कामापासून खिंडीपर्यंत सुमारे १,२०० मीटरची चढाई एका दमात आहे. खालच्या जंगलात ओलसर शेवाळ आणि पाण्याचा आवाज असतो. वर नुसतं पिवळं गवत आणि वारा. शेवटच्या पायऱ्यांवर मी वीस पावलं मोजून थांबत होतो.

पोर्टर तिथे कसा चढतो ते मी थांबता थांबता पाहिलं. पावलं लहान आणि चाल एकसारखी. मान खाली, नजर पुढच्या दोन पायऱ्यांवर. बसायचं नाही. थकला तर वळून ओझ्याचा तळ उंच दगडाच्या कडेवर टेकवायचा आणि उभ्यानेच दम घ्यायचा, कारण ओझं एकदा उतरवलं की पुन्हा उचलायला जो जोर लागतो तो चालण्यापेक्षा महाग पडतो. गालात कोकाची पानं. आमच्यातला सर्वांत वयस्क पोर्टर पन्नाशीचा असावा. त्याच्या पायांत टायरच्या रबराच्या चपला होत्या आणि टाचांना खोल भेगा. चढावर तो मागे पडू लागला. काट्यापाशी ज्याचं ओझं जास्त भरलं होतं तोच तरुण वरून उलटा खाली आला, म्हाताऱ्याच्या बोज्यातली गॅसची टाकी काढून स्वतःच्या ओझ्यावर बांधली आणि काही न बोलता पुन्हा चढू लागला. आता त्याच्या पाठीवर २० हून बरंच जास्त होतं. तो आकडा कुठे लिहिला जाणार नव्हता.

खिंडीत पोचल्यावर त्या म्हाताऱ्याने तीन अख्खी पानं निवडली, बोटांत पंख्यासारखी धरली, बर्फाच्या शिखरांकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली आणि दगडाखाली ठेवली. ही पानं डोंगरदेवांसाठी. त्यांना 'आपू' म्हणतात.

यातले बहुतेक जण वरच्या वस्त्यांवरचे शेतकरी. बटाटा, मका, थोडी मेंढरं. पेरणी आणि काढणी सांभाळून ते या कामाला येतात. रात्री आमचं जेवण झाल्यावर त्यांचं होई आणि जेवणाच्याच तंबूत ते झोपत. तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्काच्या अवशेषांपाशी मी वाटाड्याला दुभाषा करून म्हाताऱ्याला विचारलं, 'माचू पिक्चू इथून दिसतं का?' त्याने समोरच्या हिरव्या डोंगराकडे हनुवटी केली. 'त्याच्या पलीकडे आहे. मी इकडूनच खाली उतरतो.'

त्याचा अर्थ शेवटच्या रात्री समजला. विन्याय वायनाच्या मुक्कामी आचाऱ्याने भट्टीशिवाय, मंद आचेवर पातेल्यात केक भाजला होता. तो कापून झाल्यावर आम्ही एकेकाचा हात हातात घेतला. 'सुल्पायकी' म्हणजे धन्यवाद, एवढा एकच केचुआ शब्द मला नीट येत होता. वाटाड्याने सांगितलं, उद्या तीन वाजता उठायचं. पुढचं फाटक तर साडेपाचला उघडतं. मग इतक्या लवकर का? सूर्योदयासाठी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं कारण वेगळं होतं. पोर्टरांना पहाटेची गाडी गाठायची असते, आणि त्याआधी सगळा मुक्काम बांधून दरीच्या तळापर्यंत उतरायचं असतं. आमच्या डोक्यावरचे तंबूही त्यांना न्यायचे होते.

तीन वाजता काळोखात मी माझा तंबू पाडायला हात लावला. तरुण पोर्टरने मला खुंटी उपटायची ती तिरकी कशी ओढायची ते दाखवलं. एवढंच माझ्या वाट्याला आलेलं काम. तासाभरात तिथे तुडवलेलं गवत उरलं. ते तेरा दिवे नागमोडी वाटेने भराभर खाली जाताना दिसले, झाडांत शिरले आणि विझल्यासारखे झाले.

आम्ही फाटकाशी रांगेत जाऊन बसलो. ट्रायपॉड मांडीवर होता आणि खांद्यांवर त्याचे वळ. चार दिवस मी तो वाहिला होता, दोन किलोसुद्धा नसेल. पूर्वेला डोंगराची कड जरा उजळली. तेवढ्यात खोल खालून, नदीच्या आवाजातून वर, आगगाडीची शिट्टी आली. कुणीतरी घड्याळ पाहिलं. आमचं फाटक उघडायला अजून वेळ होता.