विंटेज गाडीची पुढची काच: दोष बहुधा चौकटीत

मॉडेल आणि साल सांगितलं की पुढची काच ठरली, हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेल्या गाडीबाबत ते बहुतांशी खरं आहे. पण १९३२च्या फोर्डसारख्या गाडीचे खांब कापून अमेरिकेतले हौशी लोक छप्पर काही इंच खाली आणतात, तेव्हा काचेचं जुनं माप संपतं. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हातानं कापून जोडलेले असतात, वर पुट्टी आणि रंगाचे थर चढतात. डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरनं वेगळी निघणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून काच कापायच्या आधी प्लायवूडचा फर्मा करून तो चौकटीत धरून पाहावा. चौकट पिळलेली आहे का, हेही तपासावं: सपाट काचेच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणले आणि ते मधोमध एकमेकांना टेकले नाहीत, तर ती एका पातळीत नाही.

ही तपासणी टाळली की दोष काचेवर किंवा कारागिरावर जातो. काच बसवल्यावर चार दिवसांनी तडा गेला, तर माल हलका होता असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात काच दाब पुष्कळ सोसते, ताण फार कमी; आणि तिच्या कडेला कापताना पडलेल्या बारीक चिरा असतात. वेल्डिंगचा एखादा उंचवटा त्या कडेला टेकला की गाडीच्या हादऱ्यांनी तडा तिथूनच सुरू होतो. रबरात बसणारी काच ठोकून बसवायची नसतेच. रबर आधी काचेवर चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर घ्यायची. एवढं करूनही ती अडत असेल, तर तिथं पत्रा बघावा. गळतीवर सीलंट थापणंही तसंच फसवं: रबर असमान दाबलं गेलं असेल तर फट पुन्हा उघडते आणि आत अडकलेलं पाणी पत्रा गंजवतं.

यावर आक्षेप येतो, की आजच्या गाड्यांसारखी काच युरेथेन या चिकटद्रव्यानं चिकटवली तर रबराची कटकटच नको. आक्षेप दमदार आहे. पण त्यासाठी सलग, सपाट, पुरेशी रुंद पत्र्याची पट्टी लागते. रबराच्या खाचेसाठी घडवलेली जुनी कड अनेकदा अरुंद असते. शिवाय युरेथेन कितीही मजबूत असलं, तरी खालचा रंग पुट्टीवरून सुटला की काचही सुटते. नवी पट्टी वेल्ड करून नीट प्रायमर लावणाऱ्यानं युरेथेन जरूर वापरावं.

‘टफन्ड काच जास्त मजबूत, तीच घ्या’ हा सल्ला मात्र धोक्याचा. ती फुटली की क्षणात सगळीभर दाणे होतात आणि समोरचं दिसेनासं होतं. शिवाय टफन झाल्यावर ती कापता येत नाही. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या प्लास्टिकच्या थराला धरून राहते. सपाट लॅमिनेटेड काच काचवाला दोन्ही बाजूंनी रेघ मारून, मग मधला थर सोडवून फर्म्याबरहुकूम कापू शकतो. वक्र काचेत ही सोय जवळपास संपते: खालून चार बोटं कापली तर उरलेली वक्रता चौकटीच्या नव्या उंचीशी जुळत नाही. म्हणून जाणते कारागीर अशा वेळी अखंड काच आधी मागवतात, ती मागे कलती धरून जागा ठरवतात आणि मगच तिच्याभोवती खांब जोडतात.