नव्या कोचचा पायगुण

एखादा फुटबॉल क्लब सलग चार-पाच सामने हरतो. प्रेक्षक ओरडायला लागतात, पेपरात बातम्या येतात, आणि एका सकाळी क्लबचं व्यवस्थापन प्रशिक्षकाच्या हातात नारळ देतं. नवा कोच येतो. पुढच्या चार सामन्यांत संघ दोन जिंकतो, एक बरोबरीत सोडवतो. सगळे म्हणतात, "बघा, बदल केला म्हणून गाडी रुळावर आली!"

आपल्याकडे याला एक छान शब्द आहे: पायगुण. नवी सून घरात आली, त्याच महिन्यात नवऱ्याला बढती मिळाली, की पायगुण चांगला. सुनेच्या बाबतीत हे ऐकून आपण हसतो. फुटबॉलच्या कोचच्या बाबतीत मात्र कोट्यवधी युरोंचे निर्णय याच तर्कावर होतात. आणि खरं सांगायचं तर आपले रिसर्च प्रपोजलही बऱ्याचदा याच तर्कावर उभे असतात. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. फुटबॉल कळत नसला तरी चालेल. जिंकल्यावर ३ गुण, बरोबरीला १, हरल्यावर शून्य, एवढं पुरे.

आधी माझी फजिती

पहिल्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये मी दोन स्तंभांचा एक आलेख दाखवला होता. वाचनात सर्वात मागे असलेल्या काही शाळा निवडलेल्या, तिथे उजळणीचा एक कार्यक्रम राबवलेला. कार्यक्रमाआधीचे गुण कमी, नंतरचे गुण जास्त. मी आत्मविश्वासानं म्हटलं, "कार्यक्रम परिणामकारक ठरला."

समितीतल्या बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ज्या तितक्याच मागे असलेल्या शाळांत कार्यक्रम गेला नाही, त्यांचं काय झालं?"

मी गप्प. कारण मी बघितलंच नव्हतं. घरी येऊन बघितलं, तर त्या शाळांचे गुणही जवळपास तेवढेच वाढलेले. आठ महिन्यांचं काम एका प्रश्नात बसलं. तो प्रश्न तुम्हाला समितीसमोर नाही, आत्ता घरी बसून पडावा, एवढाच या पोस्टचा हेतू.

डॉर्टमुंडची गोष्ट

जर्मनीतला बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब. युर्गन क्लॉप यांच्या हाताखाली त्यांनी २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा बुंडेसलिगा जिंकली, २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेले. आणि मग २०१४-१५ चा सिझन आला. ३४ पैकी पहिल्या १७ सामन्यांत फक्त १५ गुण. अठरा संघांत सतरावा क्रमांक. फेब्रुवारीत तर काही काळ ते तळाला होते.

आता डोळे मिटून कल्पना करा की क्लबनं हिवाळी सुट्टीत क्लॉपना काढून दुसरा कोणीतरी आणला असता. उरलेल्या १७ सामन्यांत संघानं मिळवले ३१ गुण, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि सिझन संपला तेव्हा ते सातवे होते. नव्या कोचचा केवढा उदोउदो झाला असता!

पण कोणी नवा आलाच नव्हता. तोच कोच, जवळपास तोच संघ. क्लॉप यांनी एप्रिलमध्ये स्वतःहून जाहीर केलं की सिझनअखेर आपण जाणार. पण शेवटच्या सामन्यापर्यंत बाजूला उभे होते ते क्लॉपच.

म्हणजे जे श्रेय आपण "बदला"ला दिलं असतं, ते बदल न होताच घडलं. मग ते घडलं कशामुळे?

एक फासा घ्या

हा प्रयोग खरंच करून बघा, दहा मिनिटं लागतात. फासा टाका. १ किंवा २ पडला तर संघ जिंकला, ३ गुण. ३ किंवा ४ पडला तर बरोबरी, १ गुण. ५ किंवा ६ पडला तर हार. या संघाची ताकद कायम सारखीच आहे. दर सामन्याला सरासरी १.३३ गुण, म्हणजे चार सामन्यांत साधारण ५.३३.

आता विचारा: चार सामन्यांत मिळून शून्य किंवा एकच गुण, अशी वाईट वेळ किती वेळा येईल? चार सामन्यांचे निकाल ८१ प्रकारे लागू शकतात. त्यातला एक प्रकार म्हणजे चारही हार. तीन हार आणि एक बरोबरी असे चार प्रकार. एकूण ८१ पैकी ५, म्हणजे साधारण ६ टक्के. फार कमी वाटतं ना? पण ३४ सामन्यांच्या सिझनमध्ये सलग चार सामन्यांचे ३१ तुकडे पडतात. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरी जवळपास दोन असे तुकडे येणार. कोणाचीही चूक नसताना.

आता गंमत बघा. अशा वाईट तुकड्यानंतरच्या चार सामन्यांत किती गुण अपेक्षित आहेत? तेच, ५.३३. फाशाला आठवण नसते. एका गुणावरून पाचावर उडी, आणि फासा बदललेला नाही.

आता नियम करा की असा तुकडा आला रे आला की टेबलावरचा फासा बदलायचा. प्रत्येक वेळी नवा फासा "चमत्कार" करताना दिसेल. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीवर लिहिताना हे दाखवलं: खूप उंच आई-वडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आई-वडिलांइतकी टोकाची नसतात. आपण रोज वापरतो तो "रिग्रेशन" हा शब्द तिथूनच आला.

मुख्य मुद्दा ठळक करून ठेवा: टोकाची वाईट अवस्था बघून ज्यांची निवड केली, ते निवडीनंतर सरासरीनं सुधारतातच. हस्तक्षेप करा किंवा करू नका. कोच वाईट वेळेला काढले जातात. माझ्या शाळा वाईट गुणांवरून निवडल्या होत्या. दोन्हीकडे आजार एकच.

अर्थशास्त्रात याचं एक प्रसिद्ध भावंडं आहे. ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमांचा अभ्यास केला. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या आधीच्या काळात घसरलेली दिसली. साहजिकच आहे, कमाई घसरली म्हणूनच लोक प्रशिक्षणाला येतात. आता फक्त "आधी-नंतर" बघितलं तर कार्यक्रमाचा फायदा फुगलेला दिसणार. या खड्ड्याला आजही "ॲशेनफेल्टर डिप" म्हणतात.

मग संशोधकांनी काय केलं?

हा वाद जुना आहे. १९६३ मध्ये ऑस्कर ग्रस्की यांनी अमेरिकन बेसबॉलचा डेटा घेऊन दाखवलं की जे संघ वारंवार मॅनेजर बदलतात त्यांची कामगिरी वाईट असते. त्यांचं म्हणणं, बदलामुळे घडी विस्कटते. पुढच्याच वर्षी गॅम्सन आणि स्कॉच यांनी उत्तर दिलं: बदल हा मुळात बळीचा बकरा शोधण्याचा विधी आहे, वाईट कामगिरीमुळे मॅनेजर जातो, त्याच्या जाण्यानं फारसं काही होत नाही. एकच सहसंबंध आणि कार्यकारणाची दिशा उलटी. "सहसंबंध म्हणजे कारण नव्हे" हे वाक्य आपण पाठ करतो. ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर हे दोन लेख लागोपाठ वाचा.

खरी प्रगती झाली ती तुलनागट आल्यावर. नेदरलँड्समध्ये ब्रुइन्सहूफ्ट आणि तेर वेल यांनी तिथल्या सर्वोच्च लीगचा डेटा घेतला. एकीकडे ज्यांनी कोचला काढलं ते संघ. दुसरीकडे तशीच घसरण झालेले, पण कोच न काढलेले संघ. पहिला गट सुधारला का? हो. दुसरा? तोही सुधारला. काढण्यामुळे वरचा काही फायदा दिसला नाही.

पुढे व्हान आवर्स आणि व्हान टाउल यांनी त्याच लीगच्या १४ सिझनवर एक हुशार पाऊल उचललं. चार सामने हरले, पण कोणाविरुद्ध? चारही बलाढ्य संघ असतील तर ती घसरण नाहीच. म्हणून त्यांनी सट्टेबाजांच्या दरांवरून प्रत्येक सामन्यात किती गुण अपेक्षित होते ते काढलं आणि प्रत्यक्षातल्या गुणांशी ताडून बघितलं. अपेक्षाभंगाची बेरीज जिथे सारखी, तिथे एका ठिकाणी कोच गेला, दुसऱ्या ठिकाणी राहिला. निष्कर्ष तोच: दोन्हीकडे सुधारणा.

इथे तंत्रापेक्षा प्रश्न बघा. "नव्या कोचनंतर काय झालं?" हा पत्रकाराचा प्रश्न. "नवा कोच आला नसता तर काय झालं असतं?" हा संशोधकाचा. दुसऱ्याचं उत्तर कधीच प्रत्यक्ष दिसत नाही, म्हणून ते कोणाकडून तरी उसनं घ्यावं लागतं. तुमची सगळी मेथडॉलॉजी म्हणजे हे उसनं कोणाकडून घेतलं आणि तो माणूस भरवशाचा का, एवढंच.

थांबा, इथेच घसरू नका

हे वाचून काहीजण लगेच म्हणतील, "म्हणजे कोचनं काही फरक पडत नाही." नाही! त्या अभ्यासांनी एवढंच सांगितलं की सिझनच्या मध्यात, घसरण झाल्यावर केलेल्या बदलाचा *सरासरी* फायदा दिसत नाही. सरासरी शून्याच्या आत काही बदल उत्तम आणि काही भयंकर असू शकतात. जर्मनीत मुलहाउझर आणि सहकाऱ्यांनी क्लब बदलणाऱ्या कोचचा माग काढून क्लबचा वाटा आणि कोचचा वाटा वेगळा केला, तेव्हा कोच-कोचमध्ये लक्षणीय फरक दिसला. "कोच महत्त्वाचा आहे का" आणि "घाबरून कोच बदलणं उपयोगी आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरी अडचण तुलनागटाची. ज्या क्लबनं कोच ठेवला, त्यांना कदाचित आतली गोष्ट ठाऊक असेल: खेळाडू अजून कोचच्या बाजूनं आहेत, दुखापती बऱ्या होत आल्या आहेत. हे डेटात नसतं. म्हणजे दोन्ही गट कागदावर सारखे, मनातून नाहीत. ही शंका पूर्ण फिटत नाही. ती प्रबंधात प्रामाणिकपणे लिहायची असते.

आणि "पण चेल्सीचं काय?" हा प्रश्न येणारच. मार्च २०१२ मध्ये चेल्सीनं व्हिलास-बोआस यांना काढलं, रॉबर्टो डी मॅटेओ आले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेले, टुचेल आले, पुन्हा तीच ट्रॉफी. उदाहरणं खरी आहेत. पण ती आपल्याला आठवतात *कारण* ती यशस्वी झाली. बदल करूनही खालच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबांची यादी कोणी पाठ करत नाही. आणि डी मॅटेओ यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नारळ मिळाला, हे किती जणांना आठवतं?

मग निवड करायची कशी?

ऑक्टोबर २०१५. लिव्हरपूलनं ब्रेंडन रॉजर्स यांना काढलं आणि कोच शोधायला लागले. यादीत क्लॉप, ज्यांचा शेवटचा निकाल सातवा क्रमांक. क्लबच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते इयन ग्रॅहम, भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला माणूस (आपल्यातलाच!). त्यांनी गुणतक्ता बाजूला ठेवला आणि संघानं किती आणि कशा प्रतीच्या संधी निर्माण केल्या, किती दिल्या, ते मोजलं. कल्पना सोपी आहे: पेनल्टी साधारण चारपैकी तीनदा गोल होते, लांबून मारलेला फटका क्वचितच. प्रत्येक फटक्याला त्याची शक्यता लावा आणि बेरीज करा. या हिशेबात डॉर्टमुंडचा तो सिझन वाईट खेळाचा कमी, वाईट नशिबाचा जास्त निघाला.

क्लॉप यांची निवड झाली. पहिल्या सिझनला लिव्हरपूल आठवे आले. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये प्रीमियर लीग. (एका उदाहरणानं पद्धत सिद्ध होत नाही, हे आत्ताच शिकलोय. पण निर्णय निकालावरून नव्हे, निर्णयाच्या वेळी हातात असलेल्या पुराव्यावरून जोखायचा असतो, आणि तो पुरावा विचारपूर्वक गोळा केलेला होता.)

तुमच्या प्रपोजलसाठी

सिनॉप्सिस लिहिण्याआधी चार प्रश्न वहीत लिहा.

१. माझी गावं, शाळा, रुग्ण, कंपन्या निवडल्या कशा? "सर्वात वाईट" म्हणून असतील तर धोक्याची घंटा.

२. तितकेच वाईट, पण हस्तक्षेप न झालेले कोण आहेत? त्यांचा डेटा मिळेल का? नसेल, तर विषय ठरवण्याआधी हे कळलेलं बरं.

३. आधीचं एकच मोजमाप आहे की अनेक? एका परीक्षेच्या जागी तीन वर्षांच्या परीक्षा असतील तर तात्पुरता खड्डा आणि खरी घसरण वेगळी ओळखता येते.

४. मी मोजतोय तो निकाल आहे की क्षमता? गुणतक्ता की संधी?

माझं काय झालं? तुलनेच्या शाळा धरून विश्लेषण पुन्हा केलं. परिणाम बराच लहान निघाला, पण एका इयत्तेत टिकून राहिला. आता प्रबंध त्याबद्दल आहे. मोठा खोटा परिणाम गेला आणि छोटा, खरा वाटणारा हाती आला. सौदा वाईट नाही.

आता फासा शोधा आणि ३४ वेळा टाका. तुमच्या संघानं कोच कितव्या सामन्यानंतर काढला असता, ते कमेंटमध्ये सांगा.