कडेवरचं मूल

मतदान केंद्रात कोणाला आत सोडायचं, याची यादी लोकसभा-विधानसभेसाठीच्या 1961 च्या निवडणूक नियमांत आहे. मतदार, मतदान कर्मचारी, कामावरचे सरकारी नोकर, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी, अंध-अपंग मतदाराचा सोबती. आणि या रुक्ष यादीत मधेच एक नोंद: मतदाराच्या कडेवरचं मूल. ते तिथे का, हे वसई-विरारमधल्या नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या शाळेबाहेर बायकांची रांग पाहिली की कळतं. सासर-माहेर दोन्ही कोकणात नाहीतर उत्तर प्रदेशात, शेजारीण स्वतःच चार माणसं पुढे उभी. मूल ठेवायचं कोणाकडे? वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत, एकत्र घरात, आजी सकाळी मत देऊन येते आणि मग सून निघते. दीड खोलीच्या चाळीत ही पाळी लावता येत नाही. म्हणजे नियमातली ही सवलत मुलाला लोकशाही दाखवायला नाही, आईचं मत बुडू नये म्हणून आहे. मुलांना मतदानाला न्यावं का, हा विषय आपण नेहमी संस्कारांपासून सुरू करतो. तो आईच्या मतापासून सुरू करायला हवा.

खरी पंचाईत कडेवरून उतरलेल्या मुलाची. सहा वर्षांचं पोर नियमात कुठेच बसत नाही, ते आत जाणार की नाही हे केंद्राध्यक्षांच्या स्वभावावर. बहुतेक जण सोडतात, आणि ते बरोबर करतात, कारण पोराला दारात अडवलं की आईही रांगेतून बाहेर पडते. आत गेल्यावर त्याची नजर टेबलाच्या कडेला येते. पहिला अधिकारी आईचं नाव मोठ्याने वाचतो. घरात जी नुसती आई असते, तिचं आडनावासकट पूर्ण नाव, आणि समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. मग डाव्या तर्जनीला शाई. मग पुठ्ठ्याच्या आडोशापाशी हात सोडावा लागतो. विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेतली चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढंच थांबणं. महापालिकेला बहुतेक प्रभागांत चार मतं द्यायची, त्यामुळे आई बराच वेळ दिसेनाशी होते आणि पोर 'पीं' कधी वाजतंय याकडे कान लावून असतं.

गुप्ततेचं काय, हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. तान्ह्याला चिन्ह कळत नाही. पहिलीतल्या मुलाला चांगलं कळतं, आणि ते जिन्यातच सगळ्यांना सांगून मोकळं होतं. ज्या वस्तीत कार्यकर्ते दार-दार मतांचा हिशेब ठेवतात, तिथे ही गंमत उरत नाही. म्हणून 'बाळाला बटण दाबू दे' हे लाड नकोतच. पण उपाय मुलाला शाळेच्या फाटकावर ठेवण्याचा नाही, आडोशाच्या अलीकडे उभं करण्याचा आहे. आई एक गोष्ट आपल्यापासूनही लपवू शकते, हे त्याला तिथे दिसतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ते इतकं स्वच्छ येत नाही. दुसरा आक्षेप उन्हाचा. 20 मे 2024 ला, लोकसभेच्या वेळी, तो रास्तच होता. पण ऊन मुलाला लागतं तसं म्हातारीलाही लागतं. त्यावर मांडव घालायचा, मतदार कमी करायचे नाहीत.

संस्काराचा दावा मात्र मी जपूनच करेन. अमेरिकेतल्या 'किड्स व्होटिंग' या शालेय उपक्रमाच्या अभ्यासात असं दिसलं, की मुलं घरी येऊन प्रश्न विचारतात आणि त्यामुळे आईबाप राजकारणावर बोलू लागतात. म्हणजे धडा उलट्या दिशेने चढतो. आपल्याकडच्या शाळांतून पालकांच्या सहीसाठी घरी येणारं मतदानाचं संकल्पपत्र याच समजुतीवर चालतं. पण सवय लागायला निवडणूक तरी व्हायला हवी. वसई-विरार महापालिका 2009 ची. पहिली निवडणूक 2010 ला, दुसरी जून 2015 ला, आणि तिसरी थेट 15 जानेवारी 2026 ला. मुदत 2020 मध्ये संपली, त्यानंतर या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. 2015 ला आठ वर्षांचं जे मूल आईचं बोट धरून गेलं असेल, त्याने महापालिकेची पुढची रांग पाहिली ती थेट स्वतःच्या नावाने. त्याच्या पाठच्या, 2015 नंतर जन्मलेल्या भावंडाला पाणी, कचरा, गटार यांसाठी मत देतात हे 2026 पर्यंत पाहायलाच मिळालं नाही. एवढ्या खंडाची भरपाई आईच्या शाई लागलेल्या बोटाचा फोटो करणार नाही.

काही केंद्रांवर पाळणाघराची सोय असते, पण तीही लहानग्यांसाठी. ज्यांना आत सोडत नाहीत, त्या पाच ते दहाच्या पोरांसाठी खर्चाचं काही लागत नाही: व्हरांड्यात, दारातून दिसेल असा एक बाक आणि लक्ष ठेवायला अंगणवाडीतली एक ताई. बाक तिथेच असतात, वर्गातून बाहेर काढून भिंतीला रचलेले. पुष्कळदा शाळाही त्याच पोराची असते. कोणत्या नळाला पाणी येतं, हे रांगेतल्यांना तेच सांगतं.