पुढच्या वर्षीचा हक्क

मार्च २०२३मध्ये शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाकडे त्या वर्षीच्या नवोदित खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करण्याचा हक्क होता. त्यांनी तो स्वतः वापरला नाही, कॅरोलिना पँथर्सला देऊन टाकला. बदल्यात डी. जे. मूर हा तयार खेळाडू मिळाला, त्याच वर्षीच्या दोन खालच्या निवडी मिळाल्या, २०२५ची दुसऱ्या फेरीतली एक निवड मिळाली आणि २०२४ची पँथर्सची पहिल्या फेरीतली निवडही मिळाली. पँथर्सनी ब्राइस यंग या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रं सांभाळणाऱ्या खेळाडूला, घेतलं आणि त्या हंगामात सतरापैकी फक्त दोन सामने जिंकले. त्यामुळे २०२४चा पहिला क्रमांक त्यांच्या वाट्याला आला, पण तो आधीच बेअर्सचा झालेला होता. बेअर्सनी त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला निवडलं.

आपल्याकडच्या वाचकाला खेळाडूंचा बाजार म्हटलं की आयपीएलचा लिलाव आठवतो. एनएफएल या अमेरिकी लीगमध्ये नवे खेळाडू लिलावात येत नाहीत. तिथे ‘ड्राफ्ट’ होतो. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आदल्या हंगामातला सर्वांत दुबळा संघ आधी, विजेता शेवटी. ज्याने निवडलं त्याच्याशीच त्या खेळाडूने करार करायचा. फिलाडेल्फिया ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना. १९३६पासून ती चालू आहे. हेतू स्पष्ट होता, हरणाऱ्याला सावरायची संधी मिळावी. पण निवडीचे हे हक्क संघांना आपसात देता-घेता येतात, आणि पुढच्या वर्षांचेही येतात. खरा पेच इथूनच सुरू होतो. यंदाची निवड सोडून पुढच्या वर्षीची घ्यावी का?

या सौद्यांना भाव ठरवून देणारा तक्ता आला तो डॅलस काउबॉइजकडून. १९९१मध्ये त्या संघातले एक भागीदार माइक मॅकॉय यांनी जुने सौदे तपासून प्रत्येक क्रमांकाला गुण दिले. पहिल्या निवडीला ३०००, बत्तिसाव्या निवडीला ५९०. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो तक्ता प्रसिद्ध झाला. जॉन्सन यांच्याकडे तेव्हा हक्कांचा साठाच होता, कारण ऑक्टोबर १९८९मध्ये त्यांनी आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन पाच खेळाडू आणि पुढच्या वर्षांच्या निवडींचा ढीग मिळवला होता. त्या हंगामात काउबॉइज सोळापैकी एक सामना जिंकले. मग त्याच हक्कांच्या जोरावर एमिट स्मिथ, रसेल मेरीलँड, डॅरेन वुडसन असे खेळाडू आले आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांत संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

हे एक यश झालं. पण एकंदर बाजार काय सांगतो? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी एनएफएलच्या सौद्यांचा हिशेब मांडला. थेलर यांना पुढे २०१७मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या २०१३च्या निबंधातला सर्वांत धक्कादायक आकडा उद्याच्या निवडीबद्दल आहे. आजची निवड मिळवण्यासाठी उद्याची देणारे संघ वर्षाला १३६ टक्के व्याज भरल्यासारखे वागतात. शंभराचा माल आज उचलायचा आणि वर्षाने दोनशे छत्तीस परत करायचे. गावचा सावकारही इतकं मागायला कचरेल. व्यवहारात याचं रूप साधं आहे. यंदाची दुसऱ्या फेरीतली निवड दिली की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली मिळते, म्हणजे एक वर्ष थांबलं तर एक फेरी वर. जो संघ असा सौदा करतो त्याला एक हंगाम एका नव्या मुलाशिवाय काढावा लागतो, एवढाच त्याचा तोटा. पुढच्या वर्षी हातात आलेली निवड तो वापरू शकतो किंवा पुन्हा तशीच पुढे ढकलू शकतो.

त्याच निबंधातला दुसरा आकडाही मोलाचा आहे. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघाली. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. तरीही ‘हाच मुलगा पाहिजे’ म्हणून वर सरकण्यासाठी संघ पुढची वर्षं गहाण टाकतात. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११च्या करारानंतर नवोदितांचे पगार मर्यादेत आल्यामुळे तर प्रत्येक निवड अधिकच किफायतशीर झाली आहे. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, तर वर्षभराने त्याच क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी. स्वस्तात चार वर्षं खेळणारा चांगला खेळाडू मिळण्याची प्रत्येक संधी ही दौलत आहे, आणि ती घाईने उधळणं चूक आहे.

मग संघ ती का उधळतात? अज्ञानापोटी नव्हे. निर्णय घेणाऱ्याची नोकरी आणि संघाचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही, हे खरं दुखणं. जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक यांची खुर्ची दोन वाईट हंगामांत जाते. तीन वर्षांनी येणाऱ्या खेळाडूचं श्रेय त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मिळणार असतं. १९९९मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी चेंडू घेऊन धावणाऱ्या रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठी त्या वर्षीच्या संघाच्या सगळ्या निवडी आणि शिवाय २०००च्या पहिल्या व तिसऱ्या फेरीतल्या निवडी वॉशिंग्टनला दिल्या. सेंट्सनी तीन सामने जिंकले, तेरा हरले. डिटका यांना काढण्यात आलं. २०००ची ती पहिल्या फेरीतली निवड दुसऱ्या क्रमांकाची ठरली आणि तिच्यावर वॉशिंग्टनने लॅव्हार अ‍ॅरिंग्टनला घेतलं. डिटका गेले, किंमत मात्र संघाने चुकवली.

उलट बाजूची गोष्ट क्लीव्हलंड ब्राउन्सची, आणि ती जास्त चटका लावणारी आहे. जानेवारी २०१६मध्ये संघाची सूत्रं साशी ब्राउन यांच्याकडे आली. बेसबॉलमधून आलेले पॉल डीपोडेस्टा त्यांच्या जोडीला. त्यांनी थांबायचं ठरवलं. २०१६ची दुसऱ्या क्रमांकाची निवड ईगल्सना दिली, २०१७ची बाराव्या क्रमांकाची ह्यूस्टन टेक्सन्सना दिली, आणि बदल्यात पुढच्या वर्षांच्या निवडी जमवल्या. ह्यूस्टनचा ब्रॉक ऑस्वायलर हा महागडा क्वार्टरबॅक पदरात घेऊन, त्याच्या पगाराचं ओझं उचलल्याबद्दल २०१८ची दुसऱ्या फेरीतली निवडही मिळवली. मैदानावर मात्र हाहाकार होता. २०१६मध्ये एक विजय आणि पंधरा पराभव, २०१७मध्ये सोळापैकी सोळा पराभव. क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती त्या सोळा पराभवांचा निषेध-मोर्चा काढला. त्याआधीच, ७ डिसेंबर २०१७ रोजी, साशी ब्राउन यांना घरी पाठवलं गेलं होतं. चार महिन्यांनी नव्या जनरल मॅनेजरने ते जमवलेले हक्क वापरले. टेक्सन्सची पहिल्या फेरीतली निवड चौथ्या क्रमांकावर आली, तिच्यावर डेन्झेल वॉर्ड. ऑस्वायलरच्या सौद्यातल्या निवडीवर निक चब. जानेवारी २०२१मध्ये पिट्सबर्गला ४८-३७ असं हरवून ब्राउन्सनी सव्वीस वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला. साशी ब्राउन यांची पद्धत निर्दोष नव्हती. ईगल्स आणि टेक्सन्सना निवडी देण्याच्या दोन्ही सौद्यांत त्यांनी क्वार्टरबॅक दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला. पण ज्याने पेरलं त्याला कापणीपर्यंत ठेवायचं नसेल, तर मालकाने पेरायला सांगूच नये.

सबुरी नेहमीच जिंकते असंही नाही. लॉस एंजेलिस रॅम्सनी उलट वाट धरली. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. ते हक्क देऊन जेलन रॅम्झी, मॅथ्यू स्टॅफर्ड असे तयार खेळाडू आणले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये सुपर बोल जिंकला. तिथे गणित वेगळं होतं. संघ आधीच जेतेपदाच्या उंबऱ्यावर होता, त्यामुळे आपण जे हक्क देतोय ते पहिल्या फेरीच्या शेपटाला येतील अशी त्यांना रास्त आशा होती. (२०२२च्या हंगामात संघ कोसळला आणि शेवटचा हक्क डेट्रॉइटला सहाव्या क्रमांकाचा मिळाला, हा भाग वेगळा.)

आणि नुसता हक्क म्हणजे खेळाडू नव्हे. २०१२मध्ये याच रॅम्सनी, तेव्हा ते सेंट लुइसचे होते, रॉबर्ट ग्रिफिनसाठी आतुर झालेल्या वॉशिंग्टनकडून तीन पहिल्या आणि एक दुसऱ्या फेरीतली निवड घेतली. डिसेंबर २०१४मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीला रॅम्सनी कर्णधार म्हणून पाठवले ते त्या सौद्यातून आलेले सहा खेळाडू. मिरवण्यासारखा क्षण होता, पण २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत एकदाही रॅम्सचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत.

म्हणून प्रश्न ‘थांबावं की नाही’ इतकाच उरत नाही. कोणाकडून घ्यायचं हेही बघावं लागतं. ज्याचा क्वार्टरबॅक म्हातारा किंवा अननुभवी आहे, ज्याचा प्रशिक्षक घायकुतीला आला आहे, त्याची पुढच्या वर्षीची निवड घ्यावी. न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सचे बिल बेलिचिक यात तरबेज होते. २००३मध्ये त्यांनी एकोणिसावी निवड बाल्टिमोरला देऊन दुसऱ्या फेरीतली निवड आणि २००४ची पहिल्या फेरीतली मिळवली. बाल्टिमोरने क्वार्टरबॅक काइल बोलर घेतला, तो टिकला नाही; पॅट्रिअट्सना २००४मध्ये व्हिन्स विल्फोर्क मिळाला आणि तो अकरा हंगाम त्यांच्या बचावाचा कणा राहिला.

अलीकडे हेच काम फिलाडेल्फिया ईगल्सचे हॉवी रोझमन करतात. ते २०००पासून त्या संघात आहेत, मालक जेफ्री लुरी १९९४पासून. मध्यंतरी वर्षभर अधिकार काढून घेतले तरी लुरींनी त्यांना सोडलं नाही, आणि म्हणूनच त्यांना लांबचं पाहणं परवडतं. एप्रिल २०२२मध्ये त्यांनी सेंट्सबरोबर निवडींची अदलाबदल केली आणि २०२३ची पहिल्या व २०२४ची दुसऱ्या फेरीतली निवड पदरात पाडली. सेंट्सचा हंगाम फसला, ती पहिली निवड दहावी ठरली. एक पायरी वर सरकून ईगल्सनी जेलन कार्टरला घेतलं. दुसऱ्या फेरीतल्या निवडीला आणखी निवडी जोडून ते २०२४मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर पोचले आणि कूपर डीजीनला निवडलं. फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. त्या सामन्यात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याचा पास मधेच अडवून थेट टचडाउन करणारा खेळाडू डीजीनच होता. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता.