बार्मिनग्राड

व्लादिमिर बार्मिन यांचं आयुष्य गेलं ते अग्निबाण सोडायची यंत्रं आणि तळ उभारण्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या कात्यूशा अग्निबाणांचे प्रक्षेपक त्यांच्या हाताखाली घडले. १९६१ मध्ये गागारिन ज्या तळावरून अवकाशात गेले, तो बायकोनूरचा तळही त्यांच्याच संस्थेने आखला. चंद्रावर माणसांनी राहायचं तर घर कसं असावं, हे काम सोव्हिएत अग्निबाणांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव यांनी साठच्या दशकात याच संस्थेकडे सोपवलं. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. यान बनवणाऱ्याचं लक्ष प्रवासावर असतं. बार्मिन जमिनीवर पक्कं उभं राहणाऱ्या गोष्टींचा विचार करत आले होते.

‘बार्मिनग्राड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या आराखड्यात नऊ दंडगोल कक्ष होते. तीन राहण्यासाठी, बाकीच्यांत नियंत्रण, प्रयोगशाळा, कोठार, कार्यशाळा, दवाखाना-व्यायामशाळा आणि स्वयंपाकघर. मुक्कामाला बारा माणसं. कक्ष आखडलेल्या स्थितीत न्यायचे, तिथे ताणून लांब करायचे आणि वर चंद्राचीच माती लोटायची. ती माती फार मोलाची. तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी, थंडी उणे दीडशे अंशांच्याही खाली. दिवसा पृष्ठभाग शंभरावर तापतो. हवेचं कवच नसल्याने किरणोत्सर्ग आणि बारीक उल्का थेट अंगावर येतात. अमेरिकी लष्कराच्या १९५९ च्या ‘होरायझन’ योजनेतही बारा जणांसाठी धातूच्या टाक्या मातीखाली पुरायच्या होत्या. त्यासाठी १९६६ च्या अखेरीपर्यंत तब्बल १४९ उड्डाणं लागणार होती! सोव्हिएत कल्पनेत शिवाय चाकांवरची एक गाडीही होती: पुढे ओढणारं वाहन, मागे राहायचा डबा, वीज पुरवणारा डबा.

पण भिंती टिकल्या तरी आतली माणसं टिकतील का? लांबच्या अवकाश मोहिमांसाठी हा प्रश्न मॉस्कोच्या वैद्यकीय-जैविक संस्थेने प्रत्यक्ष तपासला. नोव्हेंबर १९६७ पासून वर्षभर डॉक्टर मानोव्त्सेव, जीवशास्त्रज्ञ बोझ्को आणि तंत्रज्ञ उलीबीशेव हे तिघं बंद कोठडीत राहिले. राहायची जागा सुमारे १२ चौरस मीटर. पाणी शुद्ध करून तेच पुन्हा प्यायचं. जोडून दिलेल्या हरितगृहातून थोडी ताजी भाजी मिळे. बोझ्को यांनी रोजनिशी ठेवली. नऊ कक्षांच्या रेखाचित्रांपेक्षा या तिघांचं वर्ष मला जास्त धाडसाचं वाटतं. त्यांनी कुठेही न जाता अवकाशातलं एकटेपण अंगावर घेतलं.

चंद्रावरचं घर अडलं ते तिथे नेणाऱ्या वाहनापाशी. कोरोल्योव १९६६ च्या जानेवारीत वारले. त्यांचा महाकाय एन-१ अग्निबाण १९६९ ते १९७२ दरम्यान चार वेळा उडाला आणि चारही वेळा फसला. १९७४ मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं. एवढे जड कक्ष नेणारं दुसरं काही देशाकडे नव्हतं.

चंद्रावर पोहोचलं ते बार्मिन यांच्या संस्थेचं छिद्रक यंत्र. ऑगस्ट १९७६ मध्ये लूना-२४ यानावरच्या त्या यंत्राने सुमारे दोन मीटर खोल भोक पाडलं, निघालेली माती थरांचा क्रम न मोडता लवचिक नळीत भरली आणि ती नळी गुंडाळून परत पाठवली. १७० ग्रॅम माती पृथ्वीवर आली.