वाटेवरील पाटी : भाषेच्या अभ्यासकासाठी एक व्यवसाय

मराठी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांशी बोलताना एक प्रश्न हटकून निघतो : अध्यापन, अनुवाद आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे भाषेच्या अभ्यासाचा उपयोग कोठे होतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे एक उत्तर मांडावयाचे आहे. हे उत्तर रोज आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु ते भाषेचे काम आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रस्ते, रेल्वे स्थानके, रुग्णालये, वस्तुसंग्रहालये अशा सार्वजनिक ठिकाणी अनोळखी माणसाला वाट दाखविणाऱ्या पाट्यांची योजना करणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला आपण मार्गनिर्देशन म्हणू. हे काम चित्रकाराचे आणि वास्तुरचनाकाराचे आहे अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग भाषांतराचा आहे, आणि तो नीट झाला नाही तर त्याची किंमत वाट चुकलेल्या माणसाला मोजावी लागते.

१. एक नाव, दोन ठिकाणे

दिल्लीत नव्याने आलो तेव्हा स्थानकाबाहेर ऑटोरिक्षा केली आणि चालकाला ‘महाराष्ट्र सदन’ एवढेच सांगितले. त्याने मला कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनासमोर आणून उतरविले. मला जावयाचे होते ते कस्तुरबा गांधी मार्गावरील, २०१३ साली उद्घाटन झालेल्या नव्या महाराष्ट्र सदनात. हे दोन्ही रस्ते इंडिया गेटभोवतालच्या षट्कोनी रस्त्याला येऊन मिळतात; त्यामुळे अंतर फार नव्हते, परंतु हातात सामान होते आणि ऊन मी म्हणत होते. चूक कोणाची, याचा पुढे विचार केला तेव्हा असे दिसले की चालक चुकला नव्हता, पाटीही चुकली नव्हती. एकच नाव दोन ठिकाणांना होते, एवढेच.

मार्गनिर्देशनाचा पहिला धडा येथे मिळतो : पाटी रंगविण्यापूर्वी नाव तपासावे. याच जातीचा घोटाळा मुंबईत दादर स्थानकावर कित्येक वर्षे चालत आला होता. तेथे पश्चिम रेल्वेचा एक नंबरचा फलाट होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबरचा फलाट होता. नवख्या प्रवाशाने ‘एक नंबर कोठे?’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्याला आधी ‘कोणत्या रेल्वेचा?’ असे विचारावे लागे. कितीही ठळक अक्षरांची पाटी लावली असती तरी हा घोटाळा मिटला नसता. तो मिटविण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये क्रमांकच बदलण्यात आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे फलाट तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. यात अवघड कलाकुसर काही नाही. परंतु एका शब्दाने एकाच वस्तूचा बोध व्हावा, हा शब्दार्थविचारातील साधा नियम लक्षावधी प्रवाशांच्या उपयोगी पडला.

२. एका रस्त्याची अक्षरे

आता कस्तुरबा गांधी मार्गाकडे वळू. कॅनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. व्हाइसरॉयचे नाव जाऊन तेथे ज्यांचे नाव आले, त्या कस्तुरबांचे देहावसान २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत झाले. मराठी माणसाला हे नाव म्हणूनच परके नाही. पुढे या रस्त्याला टॉलस्टॉय मार्ग छेदतो. गांधीजींनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वसविलेल्या ‘टॉलस्टॉय फार्म’ची ज्याला माहिती आहे, त्याला या चौकात दोन नावांची भेट झालेली दिसेल. रस्त्याच्या नावात इतिहास असतो तो असा.

परंतु वाटसरूला इतिहासापेक्षा वाट हवी असते. दिल्लीतील माणसे बोलताना ‘केजी मार्ग’ म्हणतात. पाटीवर पूर्ण नाव असते. कानाने ऐकलेले नाव डोळ्यांना सापडत नाही, ही परक्या माणसाची पहिली अडचण. दुसरी अडचण नावे बदलतात ही. कॅनॉट प्लेसच्या मध्यवर्ती भागाला १९९५ मध्ये राजीव चौक हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ‘सीपी’ हेच राहिले. राजपथाचा सप्टेंबर २०२२ मध्ये कर्तव्य पथ झाला. नाव बदलावे की नाही हा पाटीकाराच्या अधिकारातील प्रश्न नव्हे. मात्र बदलाच्या काळात जुने नाव शोधत येणाऱ्याला नव्या नावापर्यंत कसे पोहोचवावे, हा प्रश्न नेमका त्याचाच आहे.

तिसरी अडचण लिपीची. दिल्लीच्या २००० सालच्या राजभाषा अधिनियमाने हिंदीबरोबर पंजाबी व उर्दू यांना द्वितीय राजभाषेचे स्थान दिले. त्यामुळे येथील रस्त्यांच्या पाट्यांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषा चार लिप्यांत दिसतात. हे न्याय्यच आहे. परंतु त्यामागचे गणित पाहावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर अंतर तोडते. अक्षराची उंची ठरविताना दर ३ मीटर अंतरामागे निदान १ सेंटिमीटर, असा एक ढोबळ आडाखा वापरतात. म्हणजे ३० मीटरवरून वाचावयाचे अक्षर १० सेंटिमीटर उंच हवे, आणि ते वाचावयास चालकापाशी अवघे ३ सेकंद असतात. चारही ओळी त्याच उंचीच्या करून मधली मोकळी जागा धरली, तर पाटी अर्ध्या मीटरहून उंच होते. त्यात उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते. मग दिशेचा बाण कोठे ठेवावयाचा? देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार येतात. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या पट्टीत देवनागरी कोंबली की अक्षर आपोआप लहान होते, आणि दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. हा दोष दुरून पाहणाऱ्याला दोष म्हणून दिसत नाही. त्याला फक्त वाचता येत नाही.

३. लिपी तीच, शब्द परके

मराठी वाचकाची आणखी एक गंमत अशी की त्याला दिल्लीतील देवनागरी पाटी वाचता येते आणि म्हणून ती समजलीच असे त्याला वाटते. हिंदीत ‘कस्तूरबा’ असे दीर्घ ऊकाराने लिहिलेले पुष्कळदा आढळते, मराठीत आपण ऱ्हस्व उकार देतो. तेवढ्याने काही बिघडत नाही. ‘तिलक मार्ग’ ही पाटी लोकमान्य टिळकांची आहे, हेही क्षणभर थांबून कळते. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, एवढेच ते. परंतु ‘प्रवेश निषेध’ म्हणजे प्रवेशाचा निषेध नोंदविणे नव्हे, प्रवेशबंदी होय. ‘शिक्षा विभाग’ म्हणजे दंड करणारे खाते नव्हे, शिक्षण खाते होय. आपण जेथे ‘चौकशी’ लिहितो तेथे हिंदी ‘पूछताछ’ लिहिते. आणि हिंदीतील ‘चौकसी’ म्हणजे पहारा.

या उदाहरणांवर वर्गात हसू येते. एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात मात्र मला ते आले नाही. बीड जिल्ह्यातून मुलाला घेऊन आलेली एक वयस्क बाई पाटीसमोर उभी होती. तिने बोट धरून एकेक अक्षर लावले, ‘पं-जी-क-र-ण’ असे अगदी अचूक वाचले, आणि जवळ उभ्या असलेल्या मला विचारले, “म्हंजी काय हो, दादा?” ‘नोंदणी’ हा शब्द तिला ठाऊक होता. ती साक्षर होती, पाटी स्वच्छ होती, अक्षर मोठे होते. तरीही पाटी तिच्याशी बोलली नाही. प्रत्येक प्रवाशाच्या भाषेत पाटी लावणे शक्य नाही, हे उघड आहे. परंतु शब्दाशेजारी ओळखू येईल असे चिन्ह, खिडकीला क्रमांक आणि तिच्या हातातील कागदावर तोच क्रमांक, एवढे असते तर तिला मला विचारावे लागले नसते. ही योजना करणाऱ्याला ‘पंजीकरण’ हा शब्द कोणाला कळत नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. ते ज्ञान भाषेच्या अभ्यासकापाशी असते.

४. कामाचे स्वरूप

या व्यवसायात पाटी रंगविणे हे शेवटचे काम होय. आरंभ पायी फिरण्याने होतो. माणूस कोठून आत येतो, कोठे थबकतो, कोठे मागे वळून पाहतो, हे टिपून जेथे त्याला निर्णय घ्यावा लागतो अशी ठिकाणे नकाशावर मांडतात. प्रत्येक ठिकाणी त्याला काय सांगावयाचे, आणि विशेषतः काय सांगावयाचे नाही, याची यादी तयार होते. मग शब्द, लिप्यांचा क्रम, चिन्हे, रंग, अक्षराची जात व उंची ठरते. पूर्ण आकाराचा कागदी नमुना जागेवर लावून अनोळखी माणसांना वाट शोधावयास सांगतात. जेथे ती चुकतात तेथे पाटी सुधारतात. त्यानंतर उत्पादन, बसविणे आणि वर्षानुवर्षांची देखभाल. तपासणीचा हा टप्पा घाईत गाळला जाण्याचा धोका नेहमी असतो, आणि त्याचा भुर्दंड वापरणाऱ्यावर पडतो.

सगळे वाटसरू वाचणारे नसतात. मेक्सिको शहराच्या १९६९ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेसाठी लान्स वायमन यांनी प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र दिले, ते न वाचणाऱ्यालाही स्थानक ओळखता यावे म्हणून उपयोगी ठरले. दृष्टिहीनांसाठी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी योजिल्या. त्या प्रथम १९६७ मध्ये ओकायामा येथे बसविण्यात आल्या. दिल्ली मेट्रोच्या स्थानकांतील पिवळ्या फरश्या हा त्याच कल्पनेचा विस्तार होय. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानंतर अशा सोयी हा कृपेचा नव्हे, हक्काचा विषय झाला आहे.

५. परंपरा

या क्षेत्रातील थोर काम अक्षरांच्या अभ्यासकांनी केले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये वापरात आलेली अक्षरे एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराची. ब्रिटनमध्ये १९६५ पासून लागू झालेल्या रस्त्यांच्या पाट्या जॉक किनिअर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्या. शब्द सगळा मोठ्या लिपीत न लिहिता लहान-मोठ्या अक्षरांत लिहावा हा त्यांचा आग्रह. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. त्यामुळे त्यांचे उत्तर आपण उचलू शकत नाही, त्यांची प्रश्न विचारण्याची रीत तेवढी घेऊ शकतो.

ती रीत आपल्याकडेही रुजली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये आणि आयआयटी मुंबईतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अहमदाबादच्या संस्थेतील महेंद्र पटेल यांनी भारतीय लिप्यांची मुद्राक्षरे आणि नकाशे यांवर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१० साली जर्मनीतील माइन्झ नगराचा गुटेनबर्ग पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे. ते मराठी कवी होते, सुलेखनकार होते, १९८३ पासून आयआयटी मुंबईत अध्यापक होते, आणि संगणकावर घरोघर पोहोचलेले ‘मंगल’ हे देवनागरी अक्षररूप त्यांचे. कविता आणि अक्षर ही दोन खाती त्यांनी वेगळी मानली नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवावयाचे उदाहरण हेच.

६. शिक्षण आणि उपजीविका

रूढ वाट डिझाइनच्या पदवीची. दृश्य संप्रेषण किंवा उपयोजित कला या शाखांत हा विषय येतो. वरील दोन संस्थांबरोबर मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय हे जुने केंद्र आहे. आयआयटी मुंबई घेत असलेली ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा पदव्युत्तर डिझाइनसाठी असते व तीस इतर शाखांचे पदवीधरही बसू शकतात; प्रवेशाच्या अटी मात्र संस्थागणिक निराळ्या असतात, त्या आधी पाहाव्यात. काम मिळते ते मेट्रो, विमानतळ, रुग्णालये, संग्रहालये व महापालिका यांच्या प्रकल्पांत, बहुधा एखाद्या डिझाइन कार्यालयामार्फत. रस्त्यांच्या पाट्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ६७’ ही संहिता आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने ती अभ्यासिलीच पाहिजे.

येथे विद्यार्थ्यांना भुलविण्याचा हेतू नाही. केवळ एम. ए.च्या पदवीवर हे काम कोणी देणार नाही. मापे घेणे, नकाशा वाचणे, अक्षररचनेची संगणकीय साधने हाताळणे हे शिकावेच लागेल. प्रकल्प संपला की उत्पन्न थांबते, आणि निविदेत पत्र्याचे क्षेत्रफळ मोजले जाते, शब्दांचा विचार मोजला जात नाही. तरीही दोन लिप्या आणि तीन भाषा जाणणारा, शब्दांच्या अर्थच्छटा ओळखणारा माणूस या कार्यालयांत असला पाहिजे. आरंभ करण्यासाठी परवानगीही लागत नाही : आपल्याच विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांची यादी करावी, पहिल्या दिवशी आलेल्या दहा विद्यार्थ्यांबरोबर फिरावे, ते कोठे थांबतात ते लिहून ठेवावे आणि पाच पाट्या नव्याने लिहून पाहाव्यात. एवढा कागद कोणत्याही मुलाखतीत गुणपत्रिकेशेजारी ठेवण्यासारखा होतो.

अनुवादक ज्या प्रश्नाने काम सुरू करतो तोच येथेही लागू पडतो : हे कोण वाचणार आहे? कस्तुरबा गांधी मार्गावरून रोज जाणाऱ्याला तेथील पाटीची गरज नसते. ती असते पहिल्यांदा आलेल्यासाठी, हातात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्यासाठी. त्याने कोणालाही न विचारता योग्य दाराशी पोहोचावे, एवढेच या व्यवसायाचे यश. ज्याने ती पाटी लिहिली त्याचे नाव त्याला कधीच कळणार नाही, आणि ते तसेच योग्य आहे.