गोळी बदलल्यावर मधेच डाग दिसले तर पाकीट अर्धवट सोडू नका

गर्भनिरोधक गोळी बदलल्यावर पाळीच्या तारखेआधीच रक्त दिसलं, की 'ही लागू पडत नाही' असं समजून अनेकजणी ती मधेच बंद करतात. गर्भ राहण्याचा खरा धोका तिथे सुरू होतो. सरकारी 'माला-एन' गोळीमध्ये इथिनिल इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असतं, बाजारातल्या काही गोळ्यांत २०च. इस्ट्रोजेन कमी झालं की गर्भाशयाचं पातळ अस्तर नीट टिकत नाही, त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि डाग पडतात. बहुतेकींचं हे तीन महिन्यांत थांबतं.

पण रक्त जातंय म्हणजे संरक्षणही गेलं ना? नाही. गोळी मुख्यतः बीजांड बाहेर पडणं रोखते, आणि वेळेवर घेतली तर डाग पडत असतानाही ते काम चालूच असतं. मात्र 'होईल सवय' म्हणून सगळंच सोडून देणं मला पटत नाही. गोळ्या चुकल्या असतील, खूप उलट्या-जुलाब झाले असतील किंवा टीबीवरचं रिफॅम्पिसिन चालू असेल, तर संरक्षण खरोखरच कमी होतं. (टीबी आपल्याकडे इतका आढळतो, की हा प्रश्न डॉक्टरांनी आपणहून विचारायलाच हवा.) अशा वेळी कंडोम वापरा, गर्भचाचणी करा. रक्तस्राव जोराचा असेल, पोटात दुखत असेल, संबंधांनंतर रक्त येत असेल किंवा तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.